गणित सोडलं तो जून

सुरुवातीलाच माफी मागतो. लेख लिहावा असं माझ्याकडे फार काही नाही आणि लिहिण्याचा सरावही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे आपण लिहिलेलं दुसऱ्यानं का वाचावं या प्रश्नाला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मी नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. पानाची कड दंतुर आहे की अखंड, हे मी लिहू शकतो. माणसाच्या आत काय होतं ते कसं लिहितात, हे आम्हाला शिकवलेलं नाही. तरी लिहायला बसलो आहे, कारण जून आला आहे आणि या जूनमध्ये माझ्यापर्यंत एक बातमी आली आहे. ती ज्या माणसाशी बोलायला हवी त्याच्याशी बोलता येत नाही. म्हणून कागदाशी बोलतो.

मागच्या आठवड्यात एका कामासाठी लातूरला जाऊन आलो. गावाकडे गेलो नाही. येताना बस अहमदपूरच्या स्टँडवर थांबली, तर समोरच्या फलाटावर लातूरच्या गाडीसाठी ही गर्दी. प्रत्येक मुलाजवळ पत्र्याची नवी पेटी, पेटीवर पांढऱ्या रंगात नाव, आणि पेटीशेजारी स्वच्छ धोतर किंवा पायजमा घातलेला बाप. मुलांपेक्षा बाप जास्त बावरलेले. एक जण पेटीच्या कुलपाला पुन्हा पुन्हा हिसका देऊन बघत होता. आमच्या भागात जून आकाशात दिसायच्या आधी असा एसटीच्या टपावर दिसतो. पाऊस येतो न येतो, पेट्या येतात. माझीही अशीच आली होती. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती टपावरून स्वतः उतरवून घेतली होती, हमालाला हात लावू दिला नव्हता.

बस सुटली आणि मी खिडकीकडे पाठ करून बसलो.

आमचं गाव औशाच्या पलीकडे, भूकंपात पडलेल्या गावांपैकी. तेव्हा मी लहान होतो. त्या पहाटेबद्दल मी लिहिणार नाही. त्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, आणि त्यांतले बरेच जण उजाडल्यावर आमच्याकडे आले होते. मला त्यानंतरचे दिवस आठवतात. पत्र्याच्या शेडची लांबच लांब रांग. दुपारी पत्रा तापला की येणारा वास, जिभेवर नाणं ठेवल्यासारखा. माणसं मोठ्यानं बोलायची बंद झाली होती, आणि भांडं पडलं तरी सगळी रांग बाहेर येऊन उभी राहायची.

माझी मोठी बहीण, ताई, दगडांखालून निघाली. तिचा पाय वाचला, पण आखूड राहिला. बाहेरगावच्या डॉक्टरांनी तंबूत तिचं ऑपरेशन केलं. तेव्हापासून गावातलं जे कुणी माझ्या डोक्यावरून हात फिरवी, ते म्हणे, डाक्टर हो रं बाबा. ते इतक्या जणांनी इतक्या वेळा म्हटलं की मला ती माझीच इच्छा वाटायला लागली. ताई मात्र म्हणायची, "तू डाक्टर झाल्यावर माझा पाय काय वाढणाराय का? त्यापरीस मला बाजारातनं चप्पल आणून देत जा. एका पायाची जरा उंच बघून."

शाळा शेडमध्येच भरायची. फळा भिंतीबरोबर गेला होता. गणिताला स्वामी सर होते, उदगीरकडचे लिंगायत, कपाळावर भस्माची आडवी बोटं. रागावले की ते कन्नडमध्ये बोलत, त्यामुळे आपल्याला नेमकं काय म्हटलं हे आम्हाला कधी कळलं नाही. ते जमिनीवर पाणी शिंपडून घ्यायचे, ती जरा सुकली की काठीनं तिच्यावर आकृती काढायचे. एके दिवशी त्यांनी त्रिकोण काढला आणि तिन्ही कोनांची बेरीज एकशे ऐंशी कशी येते ते दाखवलं. मी हात वर केला आणि विचारलं, "सर, भूकंपाच्या आधी पण एवढीच होती का?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी काठीचं टोक त्रिकोणावर टेकवलं.

"आधीबी एकशे ऐंशी, आत्ताबी एकशे ऐंशी," ते म्हणाले. "ते हलत न्हाई बाळा."

मला गणित आवडायला लागलं त्याचं एवढंच कारण आहे. मी हुशार होतो म्हणून नाही. घर हललं, वेस हलली, देवळातला नंदी तोंड फिरवून बसला, आणि ही एक गोष्ट जागेवर होती. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते. पण मी पुढे किती तरी दिवस कुठेही त्रिकोण काढून कोन मोजत बसायचो. बेरीज येत होती.

संध्याकाळी शेडच्या दारात मी उदाहरणं घेऊन बसलो की दादा शेजारी येऊन दावं वळत बसायचे. त्यांना सहीपुरतीच अक्षरं येतात. पण मी अडलो की त्यांना ते माझ्या थांबलेल्या पेन्सिलीवरून कळायचं.

"गाठ बसली का?"

"बसली."

"मग ओढू नगं. ओढली की आनखी घट्ट बसती. टोक हुडक, आन् सोड."

मी टोक हुडकायचो. उत्तर आलं की मी काही बोलायच्या आधीच ते आत मायला सांगायचे, "सोडलं गं पोरानं." माय म्हणायची, "मग आता जेव म्हणावं."

पुढे नवं गाव बांधून मिळालं. सरळ रस्ते, सारख्या ओळी, सारखी घरं. जुन्या गावात आपलं घर सांगायला लिंब, विहीर, कुणाची तरी भांडखोर म्हातारी अशा खुणा लागायच्या. इथे काहीच खूण नव्हती. पहिल्या दिवसांत माय एकदा पाण्याची घागर घेऊन दुसऱ्याच घरात शिरली, चुलीपाशी बसली आणि त्या घरच्या पोराला म्हणाली, उठ, पाट दे. पोरानं मुकाट्यानं पाट दिला. त्यालाही वाटलं, कुणी नवी आत्या आली असेल. स्वामी सर म्हणाले, आता तुमचं गावच आलेखाचा कागद झालंय. त्या वर्षी आम्ही आलेख गावात फिरून शिकलो. मारुतीचा पार म्हणजे आरंभबिंदू. मी ताईला आमच्या घराचे निर्देशक पाठ करून घ्यायला लावले होते. ती ते विसरायची आणि मला चिडवायला उलटे सांगायची. उलटे सांगितले की ते घर स्मशानाच्या बाजूला जायचं.

हे सगळं लिहिताना मला बरं वाटतं आहे. म्हणून इथे जास्त वेळ थांबलो.

दहावीला चांगले गुण पडले आणि मी लातूरला आलो. अकरावीला गणित आणि जीवशास्त्र दोन्ही घेतली. तेव्हा सगळेच दोन्ही घेत. निवड पुढच्या जूनमध्ये, बारावीच्या तोंडावर करायची. डॉक्टर व्हायचं असेल त्यानं गणित सोडायचं आणि त्याजागी भूगोल घ्यायचा. भूगोलाला पाठांतर पुरतं, आणि वाचलेला वेळ जीवशास्त्राला देता येतो, असा त्यामागचा हिशेब. त्या जूनमध्ये अख्ख्या लातुरात एकच प्रश्न होता. झेरॉक्सच्या दुकानात, खानावळीत, पाण्याच्या टँकरमागच्या रांगेत, जो भेटेल तो विचारायचा, "सोडलं का ठेवलं?" काय सोडलं, हे कुणी बोलत नसे. माझे घरमालक आप्पा यांचं गंजगोलाईत भुसाराचं दुकान होतं. त्यांचा आणि गणिताचा संबंध तराजूपुरता, पण तेही जिन्यातून वर बघून विचारायचे, "काय रे, सोडलास का न्हाई अजून?" जसं काही मी त्यांचं पाणी अडवून बसलो होतो.

ज्यांनी सोडलं ते लवकर ओळखू यायचे. त्यांच्या चालण्यात एक सुटसुटीतपणा आलेला असायचा.

माझा मित्र रियाज औशाचा. त्याच्या अब्बांचं, चाँदचाचांचं, औशाच्या बस स्टँडसमोर शिवणकामाचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या कोपऱ्यात तेव्हा फोन होता, आणि आमच्या गावाकडच्या लोकांना निरोप द्यायचा झाला की तोच फोन. रियाज लातुरात फुफीकडे, म्हणजे त्याच्या आत्याकडे, राहायचा. फुफीच्या घरी जेवायला भरपूर होतं, तरी तो रोज माझ्याबरोबर स्टँडवर यायचा. आमच्याकडे गावाहून मुलांचे डबे एसटीनं येतात. गाडी लागली की कंडक्टर एकेक डबा खिडकीतून खाली देतो आणि नावं पुकारतो. माय डबा फडक्यात बांधून अशी गाठ मारायची की ती सुटता सुटत नसे. रियाज ती दातानं सोडायचा. त्याला मायची शेंगदाण्याची चटणी हवी असायची.

त्याचं ठरलेलं होतं. तो गणित ठेवणार होता. मी त्याला सांगितलं की माझं काही ठरत नाही.

"ठरत नाही म्हणून देवाला सोडलेल्या वळूवानी फिरून राहिलास व्हय?" तो म्हणाला. भाकरी तोडता तोडता हळूच पुढे म्हणाला, "सोडू नको बे. तू गेलास तर माझ्या चुका कोण काढंल?"

आम्ही दोघांनी मे महिन्यातच बारावीचं गणिताचं पुस्तक आणून सुरुवात केली होती. इंग्रजी आम्हाला दोघांनाही अर्धंमुर्धं कळायचं, पण चिन्हं कळायची. इंटिग्रेशनचं चिन्ह मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते विहिरीत पडलेली घागर काढायच्या गळासारखं वाटलं. ते कशासाठी असतं हे अजून कुणी शिकवायचं होतं. मला वाटलं, याच्यानं फार खोल गेलेलं काही तरी वर काढता येत असणार. मी त्या पानावर बोट फिरवत राहायचो. पुढच्या वर्षी हे आपल्याला येईल, हा विचार करून झोप लागायची.

क्लासच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता, हे मला लिहिलंच पाहिजे. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. त्यांच्या मागे भिंतभर मेडिकलला लागलेल्या मुलांचे फोटो होते, हार घातलेले. आमच्याकडे हार घातलेले फोटो दुसऱ्याच माणसांचे असतात, त्यामुळे मला तिकडे बघवेना. त्यांनी विचारलं, "व्हायचं काय आहे तुला?" मी म्हणालो, डॉक्टर. माझ्या तोंडून ते गाव बोललं. सर म्हणाले, मग गणित कशाला धरून बसलास, दोन दगडांवर पाय ठेवणारा पडतो. मी मान हलवली. दगडांबद्दल मी काय वाद घालणार.

विषय बदलायची मुदत संपत आली होती. मी अर्ज आणला होता आणि तो पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवला होता. पेटी उघडायची म्हटलं की मी दुसरंच काही काम काढायचो. एकीकडे ताईचा पाय, गावातले ते सगळे हात. दुसरीकडे काय होतं? एक त्रिकोण. त्यासाठी मी भांडू कुणाशी आणि कोणत्या तोंडानं? मला कुणी तरी नको म्हणायला हवं होतं. मी मनाशी पक्कं केलं होतं की दादांना विचारायचं. ते थांब म्हणाले, किंवा नुसते गप्प राहिले, तरी मी गणित ठेवणार. मी परवानगी मागायला जाणार नव्हतो. मला नकार ऐकायचा होता.

औशाच्या बाजारच्या दिवशी दादा चाँदचाचांच्या दुकानात बसणार, असा निरोप मी रियाजकरवी ठेवला. लातूरच्या स्टँडजवळच्या एसटीडीच्या काचेच्या खोक्यात शिरलो, दार लावलं आणि नंबर फिरवला. आत उकडत होतं. आधीच्या माणसाच्या तंबाखूचा वास रिसिव्हरला होता. तिकडून आधी शिलाई मशीनचा आवाज आला, मग तो थांबला, मग दादांचा श्वास ऐकू आला. ते फोनवर आधी काही बोलत नाहीत, श्वास घेत राहतात.

मी एका दमात सगळं बोललो. मुदत, क्लास, भूगोल, सगळं. मागे बाजार चालला होता, कुणी तरी कांद्याचा भाव ओरडत होतं.

"काय?" दादा म्हणाले. "ऐकू येईना. मोठ्यानं बोल."

मग मी मोठ्यानं, थोडक्यात विचारलं. "गणित सोडू का?"

"आँ?"

"गणित, गणित. सोडू का म्हणलं?"

"सोड की," दादा म्हणाले. "इचारतोस काय त्यात?"

त्यांच्या आवाजात इतका मोकळेपणा होता की मला पुढे बोलता आलं नाही. ते आणखी काही म्हणत होते, पण एक एसटी हॉर्न देत दारासमोरून गेली आणि मी तेवढ्यात फोन ठेवला. काचेच्या बाहेर रियाज उभा होता. मी त्याच दिवशी अर्ज दिला आणि गणिताचं पुस्तक त्याला देऊन टाकलं. त्यानं ते घेतलं, पण पुढे कधी माझ्यासमोर उघडलं नाही.

भूगोलाच्या पुस्तकात भूकंपाचा धडा होता. त्याच पुस्तकात एक वाक्य होतं की दख्खनचं पठार हा प्राचीन आणि स्थिर भूभाग आहे. मी ते पाठ केलं. चाचणीत तोच प्रश्न आला. मी लिहिलं, दख्खनचे पठार हा प्राचीन व स्थिर भूभाग आहे, आणि मला पूर्ण गुण मिळाले. पेपर तपासणाऱ्या मॅडमनी शेजारी छान असं लिहिलं होतं. तो पेपर हातात घेऊन मी बाकावर बसून राहिलो. माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, गुण पडले तरी तोंड असं का. त्याला काय सांगणार? त्रिकोणाचं गणित सोडून मी हे शिकायला आलो होतो.

सुटीत गावी गेलो की दादा पाहुण्यांना, पारावर बसलेल्यांना, बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालासुद्धा सांगायचे, "लातुरात जाऊन गणित सोडलं पोरानं." आणि असं म्हणताना माझ्याकडे बघायचे. त्यांच्या डोळ्यांत इतका अभिमान असायचा की माझी मान खाली जायची. मला वाटायचं, आपण ताईसाठी काय टाकून दिलं हे दादांना कळलं आहे. निदान त्यांना तरी कळलं आहे. त्या एका वाक्यावर मी पुष्कळ दिवस काढले. मी जीवशास्त्र वाचत बसलो की ते दारात बसून असायचे. पुस्तकातल्या हृदयाच्या चित्राकडे बघून एकदा म्हणाले, "लई गुंता हाय बाबा तुझ्या गणितात." मी हसलो. मला वाटलं, थट्टा करताहेत.

डॉक्टर होण्याइतके गुण मला पडले नाहीत. एक वर्ष पुन्हा बसलो, तेव्हा पहिल्या वर्षापेक्षाही कमी पडले. लातुरात अशा मुलांची वेगळी गल्ली असते असं म्हणतात. गल्ली नसते, पण ती संध्याकाळी उशिरा जेवायला येतात आणि कोपऱ्यातलं टेबल धरतात. घरी कुणी काही बोललं नाही. ताईनं तेवढं म्हटलं, "बरं झालं, आता चप्पल तरी आणशील." तिनं ते मला हसवायला म्हटलं, आणि मी तिच्यासमोर रडलो.

नांदेडला आलो तेव्हा पहिल्यांदा कार्यालयात जाऊन विचारलं की बीएस्सीला गणित मिळेल का. बाबूंनी मार्कशीट वरून खाली पाहिली आणि म्हणाले, बारावीला नाही, मग कसं मिळंल? त्यांचं बरोबर होतं. ज्या इमारतीत आमची वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा आहे, तिच्या भिंतीपलीकडे गणिताचा वर्ग भरतो. मी पानाचे पातळ काप करत असतो आणि पलीकडून खडूचा आवाज येतो. भराभर, मग थांबून, मग एकदम भराभर. एकदा मी जाऊन मागच्या बाकावर बसलो. कुणी हटकलं नाही. सर फळ्यावर तो लांब गळ काढत होते, एकामागे एक. मला ते चिन्ह ओळखता आलं. बाकी सगळं स्वामी सरांच्या कन्नडसारखं होतं. आवाज ओळखीचा, अर्थ नाही. तास संपायच्या आधी मी उठून आलो, आणि पुन्हा गेलो नाही.

आताशा त्रिकोणही काढत नाही. बेरीज येणार हे माहीत आहे. पण ते आता माझ्या कामाचं नाही, असं वाटतं.

परवा रियाज आला. तो औरंगाबादला इंजिनिअरिंगला आहे. नायगावला त्याच्या चुलत बहिणीचा निकाह होता, तिथून मुद्दाम वाट वाकडी करून मला भेटायला. आम्ही गोदावरीच्या घाटावर जाऊन बसलो. नदीला पाणी थोडंच होतं, पोरं म्हशी धूत होती. त्यानं निकाहच्या मिठाईचा पुडा सोडला, मला दिला आणि म्हणाला, "तुझ्यासाठी निरोप हाय. दादा दुकानात आलते. तू घरी येतच न्हाईस, मग म्हणले, रियाजच्या हाती सांगावं."

निरोप असा होता. आमच्या गावच्या शाळेतल्या गणिताच्या सरांची बदली झाली आहे, दुसरे आलेले नाहीत. स्वामी सर तर केव्हाच निवृत्त होऊन उदगीरला गेले. दहावीची मुलं रिकामी बसतात. गावानं मुख्याध्यापकांकडे बैठक घेतली, तेव्हा दादा, जे कधी चारचौघांत बोलत नाहीत, ते उठून उभे राहिले आणि म्हणाले, माझं पोरगं हाय की. नवे सर येईस्तोवर ते शिकवंल.

"मी?" मी म्हणालो. "त्यांना ठाऊक आहे ना, मी गणित सोडलंय."

रियाज माझ्याकडे वळून बसला. मग म्हणाला, "मलाबी तसंच वाटलं. म्हणून अब्बांना इचारलं मी. त्या दिवशी फोन आला तवा अब्बा दुकानातच होते की. दादाला ऐकू यावं म्हणून त्यांनीच तर मशीन थांबवली होती."

चाँदचाचांना तो दिवस चांगला आठवत होता. फोन ठेवून दादा स्टुलावर बसले आणि हसायला लागले. त्यांनी दुकानात सगळ्यांना चहा सांगितला. आणि म्हणाले, "बघ चाँदभाई, एवढं शिकलं तरी गणित सोडायच्या आधी बापाला फोन करून इचारतंय. म्हणलं सोड की. त्याच्यासाठीच तर पाठवलंय तुला."

म्हशींवर पाणी मारल्याचा आवाज येत होता. रियाजनं सोडलेला पुड्याचा दोरा माझ्या हातात होता. शेडचं दार, दावं, थांबलेली पेन्सिल. टोक हुडक, आन् सोड. दादांच्या तोंडी दुसरा शब्द कधी नव्हताच. बैल सोडावा, पाणी सोडावं, गाठ सोडावी, तसं गणित सोडावं. ते माझ्यासारखं टाकून देतात, हे त्यांच्या मनातही आलं नसेल. लातूरचं बोलणं त्यांना येत नव्हतं, आणि मी एका जूनमध्ये त्यांचं विसरून गेलो होतो. पारावर, बसमध्ये, पाहुण्यांसमोर ते इतकी वर्षं मला काय म्हणत होते ते मला आत्ता ऐकू आलं.

"तुम्ही सांगितलं त्यांना?" मी विचारलं.

रियाजनं मान हलवली. अब्बांनी सांगितलं नाही, त्यानंही नाही. मग, नदीकडे बघत, त्यानं निरोपाचा राहिलेला भाग सांगितला. शाळेतला फळा दादांनी स्वतः धुऊन ठेवला आहे. ताईनं जुन्या लुगड्याची घडी शिवून पुसायला डस्टर केलंय. औशाच्या बाजारातून दादांनी खडूची पेटी आणली, पांढरे आणि रंगीत दोन्ही, आकृत्यांना लागतील म्हणून. मुलं वाट बघत आहेत.

"पर घाई करू नगं म्हणले," रियाज म्हणाला. "म्हणले, त्ये गणित सोडत बसलं असल. मधीच उठवू नगं. झालं की ये म्हणावं."